पोस्टमनसारखी टोपी

दुकान लहान होतं, पण भिंत ऐसपैस होती. भिंतीवर लाकडी खुंट्यांच्या दोन ओळी. वरच्या ओळीत थोरल्या सुनेच्या टोप्या, खालच्या ओळीत धाकटीच्या. सगळ्या लोकरीच्या, सगळ्या हातच्या. गल्ल्यामागे उंच स्टुलावर सासूबाई बसायच्या. मांडीवर शाल, पायांशी गरम पाण्याची पिशवी आणि नजर काचेबाहेर रस्त्यावर. दोघी सुना खिडकीपाशी एकाच बाकावर पाठीला पाठ लावून विणत बसायच्या. बाक एक, पाठी दोन, मध्ये वीतभर जागा. त्या वीतभर जागेतून पूर्वी गप्पा यायच्या-जायच्या. या हिवाळ्यात तिथून नुसते उसासे जात होते, तेही एकीकडूनच.

सासूबाईंचे दुकान चालवायचे दोन कायदे होते. पहिला म्हणजे टोपी कागदात बांधून द्यायची नाही. गिऱ्हाइकाने ती डोक्यावर चढवूनच पायरी उतरायची. कुणी म्हणालं, "घरी जाऊन घालते हो, केस विस्कटतील," की सासूबाई आरसा पुढे सरकवायच्या. "थंडी काय तुमच्या घरात बसलीय? ती बाहेर उभी आहे. घाला इथंच." आणि स्वतः उठून, गुडघा धरत धरत, टोपी त्या बाईच्या कपाळावर नीट ओढून द्यायच्या. दुसरा कायदा खुंटीचा. खुंटी रिकामी झाली की दुकान बंद होईपर्यंत ती रिकामीच ठेवायची. सून नवी टोपी अडकवायला उठली की सासूबाई डोळे वटारायच्या. "बस खाली. काय गेलं ते दिसू दे की लोकांना."

थोरलीला हे दोन्ही कायदे फार आवडायचे. आवडणारच. बरीच वर्षं भिंतीवर एकच ओळ होती, ती तिची.

तिची टोपी म्हणजे वेणीची टोपी. सायीच्या रंगाची लोकर, कपाळापासून निघालेल्या जाड वेण्या एकीला एक लगटून वर चढत जायच्या आणि माथ्यावर येऊन एकमेकींत मिटायच्या. हे काम तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. प्रत्येक वेणी संपली की लोकरीची बोटभर शेपटी आतल्या बाजूला सोडायची, कापायची नाही, हेही आईचंच. टोपी धुतली की आकसते, तेव्हा ती शेपटी ताण सोसते आणि वेणी उसवत नाही. त्यामुळे टोपी बाहेरून रेखीव आणि आतून नुसती झिपरी. विणताना थोरलीच्या ओठांवर ओळी यायच्या, कुणाला ऐकू जातील न जातील अशा:

एक टाका सुलट बाई, एक टाका उलट,
वेणी माझी वळत जाते, नदी जशी वळत.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. येताना तिनं सुया आणल्या, आणि तो गोंडा आणला.

धाकटीची टोपी साधी, मोहरीच्या फुलासारखी पिवळीधम्मक. वेणी नाही, नक्षी नाही. वर मात्र डोक्यापेक्षा थोडासाच लहान असा गुबगुबीत गोंडा. थोरलीनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती हसली होती. "अगं, माणसाच्या डोक्यावर कोंबडीचं पिल्लू बसलंय असं दिसतं!" धाकटीही हसली होती. दोघी मिळून हसल्याचं थोरलीला आता आठवायचं आणि स्वतःचाच राग यायचा.

सगळं बिघडलं ते समोरच्या बेकरीतल्या पोरींपायी. तिघी मैत्रिणी काम संपवून आल्या, कोपरापर्यंत पीठ, नाकाचे शेंडे लाल. एकीनं गंमत म्हणून पिवळी घातली. दुसरी तोवर थोरलीच्या ओळीपाशी गेली होती. तिनं वेणीची टोपी काढली, हातात घेतली, वेणीवरून अंगठा फिरवला. थोरलीनं मान न वळवता खिडकीच्या काचेत हे सगळं पाहिलं. तो अंगठा आपल्याच गालावरून फिरल्यासारखं तिला वाटलं. तेवढ्यात त्या पोरीचं लक्ष आरशातल्या मैत्रिणीकडे गेलं. गोंडा हलत होता, मैत्रीण हसत होती.

"मला पण हिच्यासारखीच," ती म्हणाली आणि वेणीची टोपी तिनं खुंटीवर परत अडकवली.

बस, इतकंच झालं. तिसरीनं तर वर पाहिलंसुद्धा नाही. तिघी पिवळ्या टोप्या घालून, हातात हात अडकवून रस्त्यानं गेल्या. दुसऱ्या दिवशी बेकरीत पाव घ्यायला आलेल्या बायका काउंटरमागच्या तीन गोंड्यांकडे बघत बघत सरळ इकडे आल्या. त्यांनी टोप्या डोक्यावर घालून नेल्या, कारण कायदाच तसा. त्या ज्या रस्त्यांनी गेल्या त्या रस्त्यांवरचे लोक आले. खालच्या ओळीतल्या खुंट्या दुपारपर्यंत मोकळ्या व्हायला लागल्या. आत येणारा प्रत्येक जण आधी त्या मोकळ्या खुंट्या बघायचा, मग तिथं उरलेली एखादी टोपी घाईघाईनं काढायचा, जणू मागून कुणी हिसकावून घेणार आहे. वरची ओळ भरलेली असायची. भरलेल्या ओळीकडे बघून लोकांना वाटायचं, कुणी घेत नाही म्हणजे काहीतरी खोट असणार.

"ही का हो कुणी नेत नाही?" एका म्हाताऱ्यानं वेणीच्या टोपीकडे बोट दाखवून विचारलंही.

"नेतात की," थोरली म्हणाली.

"मग इतक्या कशा उरल्या?" म्हातारा म्हणाला आणि पिवळी घेऊन गेला. त्याला गोंडा इतका विचित्र दिसत होता की बघवत नव्हतं, पण रस्त्यावर पोचल्यावर तो चारचौघांसारखा दिसायला लागला.

थोरलीचा नवरा बस चालवायचा. संध्याकाळी घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, "आज चढावरून गाडी नेत होतो आणि आरशात मागं पाहिलं. अगं, सगळी पिवळी डोकी डुलत होती. मोहरीचं शेत घेऊन चाललोय असं वाटलं!"

थोरलीनं पातेलं असं आपटलं की झाकण फिरत फिरत दारापर्यंत गेलं.

"मी काय केलं?" तो म्हणाला.

"काही नाही. शेत नांगरा तुम्ही."

"माझ्या डोक्यावर तुझीच आहे ना?"

"तुमच्या डोक्यावर असून काय उपयोग? तुम्ही काचेकडे तोंड करून बसता. मागच्यांना तुमची मान दिसते नुसती."

पण पुढचे काही दिवस प्रत्येक थांब्यावर तो उगाचच मागं वळून लोकांकडे बघायला लागला, आणि प्रवासी म्हणायला लागले की ड्रायव्हरची मान धरलेली दिसते.

मग एक दिवस सासूबाईंनी दोघींना बोलावलं. गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन, तिच्यावर हात ठेवून बोलल्या. "पुढच्या हिवाळ्यात माझ्याच्यानं हा पसारा व्हायचा नाही. दोन रंगांची लोकर, दोन तऱ्हेची मापं, दोन ओळी. लोकरवालाही म्हणतो, एकच रंग भरपूर घ्या म्हणजे वेळेवर देतो. तेव्हा एकच टोपी विणायची. थंडी सरताना रस्त्यावर जी जास्त दिसेल ती. कुणाची का असेना. दोघींनी तीच विणायची."

"बरं," धाकटी म्हणाली, खाली बघून.

थोरलीला दिसलं ते एवढंच, की पुढच्या हिवाळ्यात ती याच बाकावर बसलेली आहे, मांडीत पिवळी लोकर आहे आणि ती साधे टाके घालते आहे, सरळ, एकामागून एक, वळण नाही की वळसा नाही. बोटं एक हिवाळा वेणी विसरली की पुढं आठवतील याची खात्री काय? आईचे हात आता कुठं उरले होते, परत जाऊन विचारायला?

त्या दिवसापासून तिचे डोळे विणकामावरून उठून रस्त्यावर जायला लागले. कुणाच्या डोक्यावर काय, एवढंच ती बघायची. शाळेच्या बाईंच्या डोक्यावर पिवळी. न्हाव्याच्या डोक्यावर पिवळी, आणि त्याला टक्कल होतं म्हणून गोंडा अधिकच उठून दिसायचा. मासळीवाल्यानं तर आपल्या कुत्र्याला घातली होती आणि कुत्राही मेला मिरवत होता. रात्री डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत गोंडे हलायचे. धाकटी तिच्याशी पूर्वीसारखीच वागायची. सुई पडली तर उचलून द्यायची, चहा आधी तिच्यापुढे ठेवायची. थोरलीला ते जास्तच झोंबायचं. भांडली असती तर बरं झालं असतं, निदान पोटातलं काहीतरी बाहेर पडलं असतं.

आणि मग तिची सख्खी बहीण आली. ग्रंथालयात कामाला होती, आठवड्यातून एकदा दुकानात डोकावायची. दार उघडलं, थंड वारा आत आला, वाऱ्याबरोबर बहीण आली आणि बहिणीच्या डोक्यावर गोंडा आला.

थोरलीच्या हातातला टाका सुटला.

"अगं ताई, अशी बघू नकोस ना," बहीण म्हणाली. "तुझी घरी आहे. खूप जपून ठेवलीय. पण आमच्याकडे सगळ्याजणी हीच घालतात. मी एकटी वेगळी घालून गेले असते तर काय दिसलं असतं?"

"बहीण दिसली असतीस," थोरली म्हणाली.

"तू म्हणजे ना! टोपीच आहे ती." बहिणीनं टोपी काढली, केस सारखे केले आणि पुन्हा घातली. पाठीला पाठ लावून बसलेल्या धाकटीनं हे सगळं ऐकलं होतं. तिच्या सुया थांबल्या नव्हत्या, पण हळू झाल्या होत्या. धाकटी मनात हसतेय, असं थोरलीनं धरूनच टाकलं. खरं काय होतं कोण जाणे.

त्याच दुपारी तिच्या डोक्यात पोस्टमन आला.

पोस्टमन लांब कानांचा होता आणि त्याचे कान नोव्हेंबरपासून लाल असायचे. खात्याची टोपी त्याला कपाळापुरती पुरायची, कान उघडेच. पण गावात असा दरवाजा नव्हता ज्याच्यापुढे तो रोज उभा राहत नव्हता. बेकरीतल्या पोरी पाव घ्यायला आलेल्यांनाच दिसल्या असतील, हा सगळ्यांना दिसणार होता. सासूबाई गुडघा दाखवायला दवाखान्यात गेल्या आणि धाकटी त्यांना सोबत म्हणून गेली, तेव्हा थोरलीनं वरच्या ओळीतली सगळ्यात मोठी टोपी काढली आणि पोस्टमनच्या हातात दिली.

"घाल ही. उद्यापासून. पैसे नकोत."

पोस्टमननं टोपीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, काय झालंय? कुठली वाईट तार यायचीय का, मी दाबून ठेवू?"

"काही नाही रे. कान बघ तुझे, टोमॅटो झालेत."

"गेली कित्येक वर्षं टोमॅटोच आहेत. आजच दिसले?" मग तो हसला. "लोक म्हणतील, वहिनींनी मला टोपी घातली."

"म्हणू देत. तू फक्त काढू नकोस. कुणी विचारलं तर सांग कुठून घेतली."

सकाळी ती खिडकीपाशी जाऊन बसली. विणत नव्हती, नुसत्या सुया धरून होती. रस्त्याच्या टोकाला पोस्टमनची सायकल दिसली. सायीच्या रंगाची टोपी दिसली. तिचा जीव वर आला. सायकल जवळ आली आणि जीव होता तिथंच अडकला.

टोपी उलटी होती.

आतली बाजू बाहेर. वेण्यांच्या जागी खडबडीत उंचवटे आणि त्यांच्यावर सगळीकडे त्या बोट बोट लांबीच्या शेपट्या, वाऱ्यावर उडणाऱ्या, उंदराच्या मिशांसारख्या थरथरणाऱ्या. तिनं आयुष्यात कुणाला दाखवलं नव्हतं ते सगळं उघड्यावर सायकलीवरून चाललं होतं. घरी पाहुणे यावेत आणि आपण न्हाणीघरातून तशाच बाहेर यावं, तसं तिला झालं. ती उठली, चपला शोधायला लागली. तेवढ्यात औषधांच्या दुकानातली बाई दारात आली. तिनं पोस्टमनला थांबवलं, पत्र घेतलं, आणि मान वाकडी करून टोपीकडे पाहिलं. हात लावून पाहिला. पोस्टमननं इकडे, दुकानाकडे बोट दाखवलं.

ती औषधवाली दुपारीच आली. "पोस्टमनसारखी आहे का हो?"

थोरलीनं वरच्या ओळीतली टोपी पुढं केली.

"छे, ही नव्हे. त्याची कशी रांगडी होती. वर असे धागे धागे."

थोरली काही बोलायच्या आत सासूबाईंनी स्टुलावरून हात लांब केला, टोपी घेतली, मोजा उलटा करावा तशी सटकन उलटी केली. "ही?"

"हीच!" औषधवाली म्हणाली आणि तशीच घालून गेली.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं पोस्टमनला कोपऱ्यावर गाठलं. "अरे गाढवा, उलटी घातलीस!"

"मला काय ठाऊक? पहाटेचा अंधार, हाताला लागली तशी घातली," तो म्हणाला. "पहिल्याच घरी बाई म्हणाल्या, अरे वा, काय वेगळी टोपी आहे. दुसऱ्या घरीही तेच. मग आरशात पाहिलं तर म्हटलं, आता कशाला बदला?"

"आजपासून सुलटी घाल. माझं ऐक."

पोस्टमन अवघडला. "वहिनी, आता सुलटी घातली तर लोक विचारतील, ती चांगली होती ती कुठं गेली?"

आणि मग वरच्या ओळीतल्या खुंट्या रिकाम्या व्हायला लागल्या. थोरलीनं हा दिवस किती मागून घेतला होता. सकाळी भरलेली ओळ दुपारी दात पडलेल्या हिरड्यांसारखी दिसायची आणि त्या बोळक्याकडे बघून लोक पुढं सरसावायचे. न्हावी आला आणि पिवळी टोपी खिशात कोंबून उलटी टोपी घालून गेला. शाळेच्या बाई आल्या. बेकरीतल्या तिघी आल्या, त्यातली ती दुसरी पुन्हा वरच्या ओळीपाशी उभी राहिली. तिनं टोपी काढली आणि या वेळी वेणीवर अंगठा न फिरवता आधी टोपी उलटी केली. कुत्राही उलट्या टोपीत गेला. सासूबाई आता आरसा पुढं करायच्या आधी टोपी उलटी करून ठेवायच्या.

बहीण आली. डोक्यावर शेपट्या. "बघ! तुझीच घातलीय. घरी होती ना माझ्याकडे, पेटीत. मला ठाऊकच नव्हतं ताई, की ती पोस्टमनसारखी आहे!"

थोरलीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं तिला चहा दिला.

पूर्वी ती धाकटीच्या गोंड्यावर जळायची. आता ती कशावर जळत होती हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. स्वतःच्याच टोपीच्या पाठीवर ती जळत होती. वरवर पाहिलं तर सगळं गाव तिची टोपी घालत होतं. पण प्रत्येक डोक्यावर तिची वेणी आत, अंधारात, केसांत तोंड खुपसून पडलेली. जी पाठ तिनं कधी नीट केली नाही, जिच्यासाठी एक क्षण जास्त दिला नाही, तीच रस्त्यानं मिरवत होती आणि तिला वाहवा मिळत होती. विणताना ओठांवर ओळी येईनाशा झाल्या. वेणी वळवायला घेतली की मनात यायचं, कोण बघणार आहे?

"जिंकलीस की," नवरा म्हणाला. "आज मोहरीचं शेत पार कापलं गेलं. नुसत्या शेपट्या डुलत होत्या."

"मी कुठं जिंकले? माझ्या टोपीची पाठ जिंकली."

मग त्यानं आपली टोपी काढून पाहिली. ती सुलटीच होती. तो गावात एकटाच होता तसा. "मी पण उलटी करू का?" त्यानं भीत भीत विचारलं.

"करून तर बघा," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात हसू आलं.

धाकटीची ओळ आता भरलेली असायची. पिवळ्या टोप्या एका रांगेत, गोंडे खाली कलंडलेले, शाळेत उशिरापर्यंत थांबवलेल्या पोरांसारखे. धाकटी विणायची, पण सुयांचा आवाज बदलला होता. खटखट असा, चिडका. एकदा ती मान न वळवता म्हणाली, "जाऊबाई, त्या शेपट्या किती लांब सोडता तुम्ही?" थोरलीनं नकळत मांडीतली टोपी शालीखाली घेतली. तो प्रश्न तिनं ऐकलाच नाही असं दाखवलं. जिची तिला लाज वाटत होती, तीच शेपटी ती आता गुपितासारखी लपवत होती.

थंडी सरायला आली. दारातली ओल वाळली, लोकांच्या शाली खांद्यांवरून हातावर आल्या. सासूबाईंनी दोघींना बोलावलं.

"थोरलीची," त्या म्हणाल्या. एवढंच.

धाकटीच्या सुया थांबल्या. थोरलीनं वळून पाहिलं. धाकटीनं खालचा ओठ दातांत धरला होता आणि ती वरच्या ओळीकडे बघत होती, टक लावून, डोळ्यांत पाणी नाही पण डोळे कोरडेही नाहीत. थोरलीला ते बघणं ओळखीचं वाटलं. सारा हिवाळा ती स्वतः असंच बघत होती. आणि खोटं कशाला, क्षणभर तिला गोड वाटलं. अगदी जिभेवर ठेवल्यासारखं गोड.

"आता काय करायचं," सासूबाई पुढं म्हणाल्या, "वेणी सोडून द्यायची. ती आतच जाते, दिसते कुणाला? एका वेणीच्या टोपीच्या वेळात साध्या दोन होतील. लोकरही वाचेल. शेपट्या मात्र भरपूर सोडायच्या, लोक त्याच मागतात."

बाहेर एक बाई गेली, डोक्यावर शेपट्या.

"मग ती माझी कुठं राहिली?" थोरली म्हणाली.

"अगं, नाव तुझंच."

"नाव घेऊन काय करू आई? वेणी काढली तर उरते ती पिशवी, उलटी केलेली. ती कुणीही विणील. बसचा ड्रायव्हरही विणील." तिनं सुया खाली ठेवल्या. "मला नको. धाकटीची विणू आपण."

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू गरम पाण्याची पिशवी फुटली आहे. "आणि लोक? लोक उलटी मागतात ना!"

"लोकांनी ती कुठं मागितली? पोस्टमननं घातली म्हणून मागितली. आणि पोस्टमनला मी दिली, फुकट, तुम्ही दवाखान्यात गेला होतात तेव्हा."

"मला काय ते कळलं नसेल? माझ्या खुंटीवरून टोपी उडाली तर मला कळत नाही?" सासूबाई जराशा ओशाळल्या. हसू दाबत त्यांनी शाल सारखी केली. "मी म्हटलं, बघू काय करतेय." मग काचेबाहेर पाहत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मग पिवळीच हवी असेल तर आधी पोस्टमनला एक पिवळी द्यायला हवी."

पण धाकटी उठून उभी राहिली होती. गाल लाल झाले होते. "मला नको असं. तुम्ही टाकलेलं मी उचलायचं? गावभर उलट्या टोप्या फिरतायत आणि म्हणे धाकटीची विणू. दया करता का माझ्यावर?"

"दया?" थोरलीला खरोखर हसू आलं. "अगं धाकटे, सगळा हिवाळा तुझ्या गोंड्याला मी शिव्या दिल्यात. स्वप्नात कात्रीनं कापलाय तो. दया कुठली? हरायचंच असेल तर माझ्याच टोपीच्या पाठीकडून हरण्यापेक्षा तुझ्याकडून हरते. तुझी टोपी तू विणतेस तशी तरी लोक घालतात."

धाकटी तशीच उभी. तिनं सुयांवरची लोकर उगाच गुंडाळली, पुन्हा सोडली. मग खाली बसली. या वेळी पाठीला पाठ लावून बसली नाही, आडवी बसली, गुडघे थोरलीकडे.

"दाखव," थोरली म्हणाली. "गोंडा कसा बांधतेस?"

धाकटीनं हात मागं घेतले. तिलाही जिवावर आलं होतं, हे थोरलीला स्पष्ट दिसलं, आणि तिनं घाई केली नाही. मग धाकटीनं डावा हात पुढं केला, दोन बोटं जोडली आणि त्यांच्याभोवती पिवळी लोकर गुंडाळायला लागली. गच्च, अगदी गच्च, एकावर एक वेढे, बोटांची टोकं पांढरी पडेपर्यंत. मध्ये दोरा ओवून तिनं दात ओठांवर रोवून गाठ ओढली. लोकर काढली तेव्हा बोटांवर लाल वळ उठलेले होते. ताज्या वळांच्या खाली जुने होते, जांभळट, आणि मधल्या पेराला कातडी निबर झालेली.

थोरलीनं ते बोट हातात घेतलं. किती दिवस एका बाकावर बसून तिनं हे पाहिलं नव्हतं. गोंडा पाहिला होता.

"ढिला बांधला तर दुसऱ्या दिवशी पडतो," धाकटी पुटपुटली. "म्हणून आवळते."

"रात्री तेल लाव यावर. माझ्याकडे आहे." थोरलीनं बोट सोडलं, पिवळी लोकर आपल्या दोन बोटांवर घेतली आणि गुंडाळायला सुरुवात केली. वेण्या वळवून वळवून तिची बोटं दणकट झाली होती. वेढे सारखे बसत होते, एकही उंचसखल नाही. धाकटी तिच्या हाताकडे बघत होती, ओठ पुन्हा दातांत धरून.

थोरली मान खाली घालून गुंडाळत राहिली. तेल द्यायचं नक्की होतं, ते ती मनापासून म्हणाली होती. पण त्याच मनात, अगदी शेजारीच, तिला वाटत होतं की माझा हिच्याहून गोल होणार.